उंदरांवरचा पेपर आणि चौथीचा वर्ग

एका सकाळी विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि मी बसायच्या आतच म्हणाले, "झकास! तुझी सायटेशन्स बघितलीस का?"

मी बघितली नव्हती. दुसऱ्या कुणी संशोधकाने आपल्या लेखात तुमच्या लेखाचा आधार घेतला की ते एक सायटेशन. आमच्यात माणसाचं वजन त्यावर ठरतं आणि माझं कायम कमीच भरत आलेलं. मेंदूवर काम करणारे लोक माझ्या पेपरांकडे फारसे फिरकत नसत. आणि आता म्हणे माझा एक जुना पेपर जोरात चालला होता.

तो उंदरांवरचा होता. उंदीर नवी वाट शिकला की नंतर नुसता बसलेला असतानाही त्याच्या मेंदूतल्या त्याच पेशी पुन्हा त्याच क्रमाने जाग्या होतात, एवढंच आम्ही दाखवलं होतं, तेही फार जपून. मुलुंडला घरी येऊन मी त्याचा आधार घेणारा एकेक लेख उघडू लागले, तर बहुतेक सगळे शिक्षणशास्त्राचे. वाचता वाचता डोकं गरगरलं. एका लेखात 'प्राण्यांमध्ये' होतं. त्याच्या आधाराने लिहिलेल्या दुसऱ्यात 'शिकणाऱ्यांमध्ये'. आणि पुढे सरळ 'मुलांमध्ये'. नवीन धडा झाल्यावर मुलांना थोडा वेळ शांत बसवलं तर तो पक्का होतो, असं मी सिद्ध केलं होतं. मी! मी आयुष्यात एकाही मुलाचा मेंदू तपासलेला नाही.

माझी मावसबहीण घाटकोपरच्या एका शाळेत चौथीला शिकवते. तिला फोन केला तर ती हसतच सुटली. "अगं, म्हणजे ती बाई तू? शनिवारी आमचं पुन्हा ट्रेनिंग आहे त्याच्यावरच. ये ना!"

गेले. शाळेच्या हॉलमध्ये शिक्षक दाटीवाटीने बसले होते. प्रशिक्षक उत्साही होते, बोलायला गोड. पडद्यावर एका मुलाचं डोकं, त्यात रंगीत मेंदू, आणि खाली बारीक अक्षरांत माझं आडनाव, तेही चुकीचं लिहिलेलं. मला राहवेना. मी हात वर केला.

"सर, हा अभ्यास उंदरांवरचा आहे."

"मॅडम, तुम्ही मूळ पेपर वाचलाय का?"

"मी लिहिलाय."

हॉलमध्ये मोठा हशा पिकला. प्रशिक्षकांचा चेहरा पडला. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी चक्क हात जोडले. "मॅडम, पुस्तिकेत आहे तेच मी सांगतो. आता पुढचं सांगू की नको?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. उंदरांत जे दिसलं ते मुलांत नसेलच, असंही मी म्हणू शकत नव्हते. "सांगा," मी म्हटलं, "पण खात्री नाही असं सांगा."

"खात्री नाय तर ट्रेनिंग कसलं?" मागून कुणीतरी बोललं, आणि मी खाली बसले.

नंतर स्टाफरूममध्ये चहा घेताना बहीण म्हणाली, "मी वर्षभर करतेय हे. नवीन काही शिकवलं की डोकं बाकावर, सगळे गप्प. यांच्या घरात कुठली गं शांतता? आता पोरं प्रश्न विचारायला लागलीत. तुझ्या उंदरांमुळे की माझा घसा जरा थांबतो म्हणून, मला नाय माहीत."

"मग बंद करणार?"

"वेडी आहेस का?"

मी एक छोटं स्पष्टीकरण लिहून त्याच नियतकालिकात छापून आणलं: हे निष्कर्ष मुलांना लागू पडतात असं आम्ही कुठेही म्हटलेलं नाही. काही महिन्यांनी त्याचाही उल्लेख झाला. मी आनंदाने तो लेख उघडला. त्यात वर्गातल्या शांततेचे फायदे सांगितले होते आणि पुरावा म्हणून माझे दोन्ही पेपर शेजारी शेजारी दिले होते.

मग बढतीची मुलाखत आली. समितीतल्या ज्येष्ठ बाई कौतुकाने म्हणाल्या, "मेंदूविज्ञान आणि शिक्षण, दोन्हीकडे प्रभाव. दुर्मिळ आहे हे." मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे हा प्रभाव चुकीचा आहे, असं म्हणताय?"

"पेपर चुकीचा वाचला गेलाय. परिणाम चुकीचा आहे का, ते मला माहीत नाही."

"मग आम्ही लिहायचं काय?" शेजारचे गृहस्थ खरोखरच गोंधळले होते. मला त्यांची कीव आली. काय लिहिलं कोण जाणे, बढती मिळाली. घरी पेढे आणले, पण खाताना आपण नक्की कशाचे पेढे खातोय ते कळेना.

त्यानंतर एकदा बहिणीच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसले. भागाकार शिकवून झाला. सगळी डोकी बाकांवर टेकली. बाहेर रिक्षांचे हॉर्न चालूच होते. जरा वेळाने एका मुलीने मान वर केली.

"बाई, उरलेली बाकी कुठे जाते?"

बहिणीने माझ्याकडे बघितलं, तू सांग अशा नजरेने. पण मी भलत्याच विचारात होते. हा प्रश्न तिला गप्प बसल्यामुळे पडला, की ही मुलगीच तशी, हे मी कशावरून ठरवणार? तोवर बहीण फळ्याकडे वळून उरलेल्या एका भाकरीचे चार चतकोर काढायला लागली होती.