आतलं शीड

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. घरीसुद्धा नाही. आता तुम्हाला का सांगतोय? थकलोय — एवढंच.

नव्वदनंतरची काही वर्षं मी पेणजवळच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचो आणि रविवारी धरमतरच्या खाडीत एकटाच होडी न्यायचो. इस्रायलला कायमच्या निघालेल्या शेजाऱ्यांकडून घेतलेली. डोलकाठीला मोठं शीड, पुढे दोन लहान — एक बाहेरचं, एक आतलं. कटर म्हणतात तिला. एकट्या माणसाला तीन शिडं म्हणजे हात अपुरेच. म्हणून माझी यादी असे: कुठली दोरी आधी, सुकाणू कधी बांधायचं, भरती किती वाजता. गलबतावर जन्म घालवलेले हिरामणकाका हसायचे. "कागद बघून वारा येनार हाय काय, साहेब?"

पण एकट्याने होडी थांबवायची कशी, हे त्यांनीच शिकवलं. बाहेरचं शीड उतरवायचं, आतलं वाऱ्याला उलटं बांधायचं, सुकाणूही बांधून टाकायचं. "बसली बघा म्हशीवानी!" — आणि खरंच बसायची. यादीतला सातवा नंबर. दहा वेळा तरी केला असेल.

त्या रविवारी परतताना ओहोटी लागली होती. काकांची छोटी होडी उलटलेली दिसली. ते तिला धरून हात हलवत होते — हाकेच्या अंतरावर. मी काय केलं? घड्याळ पाहिलं. थांबलो तर पाणी जाणार, होडी सहा तास चिखलात रुतणार. मागे लांबवर एक बार्ज होता. तो उचलेल, असं मी ठरवलं. घाबरलो होतो का? नाही. घाबरलो असतो तर —

बार्ज धक्क्याकडे वळला. काका दोन तास पाण्यात होते. कोळ्यांनी काढलं, पण छाती धरली ती धरलीच.

मी सगळ्यांना सांगत सुटलो — तीन शिडांची होडी एकट्याला थांबवता येत नाही. सगळ्यांना पटलं. काकूंनी मात्र काकांच्या खाटेपाशी मला विचारलं, "खरंच थांबत नाय ती?"

काकाच बोलले, माझ्याकडे न बघता. "नाय गो. एकल्या मानसाला नाय जमत."

त्या पावसाळ्यात ते गेले.

होडी मी विकली. घेणाऱ्याला यादी नव्याने लिहून दिली, स्वच्छ अक्षरात. सातवा नंबर गाळून.

ती थांबते. एकट्यालाही थांबवता येते. पाच मिनिटांचं काम आहे.