कोटातला पाव्हणा

आमच्या शेजारच्या प्रिंटरवाल्या काकू फोटो हातात द्यायच्या आधी समोरच्याला हात धुवायला लावत. "कडेनं धर गं, बोटं उमटतात!" कलेक्टर आला असता तरी हेच ऐकून गेला असता. औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत देवापेक्षा जास्त सोवळं त्या प्रिंटरचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात शाई वाळते, म्हणून दर गुरुवारी काहीतरी रंगीत छापायच्याच. मी चिडवायचे, "काकू, उपास तुम्हाला आणि खातोय प्रिंटर!"

या वेडाचं कारण भिंतीवर टांगलेलं होतं. काका चितेगावच्या कारखान्यात होते, ते अचानक गेले. घरात त्यांचा एक धड फोटो नाही. स्टुडिओवाल्यानं ओळखपत्रावरचा नखाएवढा चेहरा ताणला आणि खाली कोट-टाय चिकटवला. काकांनी जन्मात कोट घातला नव्हता हो! "हा कोण पाव्हणा आणून बसवला माझ्या घरात?" असं म्हणत काकू रोज त्याच पाव्हण्याला हार घालायच्या. मला बघवायचं नाही.

मग त्यांनी प्रिंटर आणला. गल्लीतल्या प्रत्येकाचा फोटो जाड, चांगल्या कागदावर छापून द्यायच्या. "जित्या माणसाचा फोटो घरात असावा, बाई. मागून शोधायला लई जड जातं." पण काका काही मिळेनात.

अखेर पैठणच्या एका लग्नातल्या जुन्या फोटोत ते सापडले. पार मागं, पंगतीत वरणाची बादली घेऊन हसत उभे. काकूंनी फोटो मोठा करून छापला, तर चेहरा फुटला. थोडा लहान केला, तरी डोळे दिसेनात. कागदामागून कागद वाया गेले. शेवटी काडेपेटीएवढ्या आकारात ते हसू जसंच्या तसं उतरलं.

"एवढासाच?" मी विचारलं.

"व्हय. पण हे आमचे हेच आहेत." आणि पहिल्यांदाच त्या माझ्यासमोर रडल्या. कोटातला पाव्हणा त्याच दिवशी खाली उतरला. आलागेला भिंतीला नाक लावून काकांना बघायचा, काकूंना त्याचंच कौतुक.

मागच्या वर्षी काकूही गेल्या. त्यांचे स्वच्छ फोटो ढिगानं होते. त्यांचा मुलगा म्हणाला, "ताई, आईचा मोठा करू." मग बापाच्या त्या एवढ्याशा चौकटीपाशी गेला, भिंतीला नाक लावून बघून आला. "नको. एवढाच कर."

त्यांच्याच प्रिंटरवर छापला. दिवसभर सावलीत वाळवला. संध्याकाळी त्यानं तो उचलायला हात पुढं केला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कडेनं धर रे."