वीतभर वाळू

ओरिन टटलचा उभा जन्म बॉयसी गावातले तुंबलेले पाइप साफ करण्यात गेला. पाण्याचा एवढा तिटकारा असलेला प्लंबर शोधून सापडला नसता. म्हणून तर दर ऑक्टोबरात तो जुनी व्हॅन काढून युटाच्या वाळवंटात कडे चढायला जाई. तिथे पाणी नाही, यातच त्याला सगळं आलं.

यंदा तिथेही चार दिवस पाऊस लागला. व्हॅनमध्ये ओले मोजे, बुरशी धरलेल्या पोळ्या आणि चढायच्या बुटांचा असा कुबट दर्प, की घास तोंडातच फिरावा. सोबत ग्वेन होती. ती पूर्वी शाळेची बस चालवायची. गेली वीस वर्षं ओरिन चढायचा तेव्हा खाली दोर धरायला तीच.

"शी! हे बूट बाहेर टाक, नाहीतर मी जाते बाहेर."

"बाहेर चिखल आहे."

"चिखलाला एवढी घाण येत नाही, ओरिन."

ओरिनला हसूही आलं नाही. बुधवारी खांद्याचं ऑपरेशन होतं आणि त्यानंतर चढणं कायमचं बंद, असं डॉक्टरने बजावलं होतं. एका कड्यावरच्या भेगेने त्याला अकरा वर्षं दमवलं होतं. दर वेळी दगडाच्या वरच्या बोटभर कंगोऱ्यापाशी त्याचा हात सुटायचा. शनिवारी दुपारी परत निघायचं होतं.

तिथला दगड वाळूचा. भिजला की आतून कच्चा होतो, वरून सुकलेला दिसला तरी. म्हणून पायथ्याची वीतभर वाळू उकरायची, खाली ओल लागली की मुकाट परत फिरायचं. ओरिन या बाबतीत महाकडक. नियम पुठ्ठ्यावर लिहून त्याने चढायला आलेल्यांच्या तळावर टांगला होता. गुरुवारी पावसाने तासभर उघडीप दिली, तशी मार्गो नावाची ओहायोची नर्स दोर खांद्यावर टाकून निघाली. ओरिनने तिला चारचौघांत झापलं.

"तुमची सुट्टी संपतेय म्हणून दगड मोडणार? लाज वाटते का काही?"

बिचारी मान खाली घालून तंबूत गेली, ती दोन दिवस तिथेच बसली.

शनिवारी लख्ख ऊन पडलं. ग्वेन कॉफी करत होती. ओरिन एकटाच कड्याखाली गेला आणि त्याने वाळू उकरली. बोटांना गार लागलं. त्याने खड्डा पायाने बुजवला, हात पँटला पुसले आणि परत आला.

"काय म्हणते वाळू?" ग्वेनने विचारलं.

"कोरडी."

ओरिनने सांगितलं म्हटल्यावर ती कशाला तपासते?

त्या दिवशी तो चढला मात्र झकास. कंगोऱ्याला बोटं पोचली, अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्याने भार टाकला आणि पावाचा तुकडा मोडावा तसा कंगोरा हातात आला. दोराने त्याला झेललं. वर फिकट, ओलसर खळगा राहिला. आता तिथे कुणालाच धरायला काही नव्हतं.

तो खाली उतरल्यावर ग्वेनने वाकून वाळूत हात खुपसला. तळव्याला चिकटलेली ओली वाळू तिने त्याच्याच शर्टाला पुसली आणि दोर गुंडाळायला घेतला. ओरिनला स्वतःची किळस आली. बुटांची घाण त्यापुढे काहीच नव्हती.

तळावर पुठ्ठ्याखाली मार्गो तयार होऊन उभी होती.

"माझा आज शेवटचा दिवस आहे," ती अदबीने म्हणाली. "पण तुम्हाला विचारल्याशिवाय जाणार नव्हते. वाळू कोरडी झाली का हो?"

"नाही. ओली आहे."

"नक्की ना? एवढं ऊन पडलंय."

ओरिनने खिशातून तो मोडलेला कंगोरा काढला आणि तिच्या हातावर ठेवला.