आप्पांची उतरंड

भुतंखेतं, शकुन-अपशकुन... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. शाळेत विज्ञान शिकवायचो मी! पण नव्वदच्या दशकातली ती दुपार आठवली की आजही डोकं फिरतं.

आम्ही तेव्हा नेरूळला, खाडीच्या भरावावरच्या एका सोसायटीत राहायचो. माझे वडील, आप्पा, मूळचे पाटणकडचे. कोयनेच्या भूकंपापासून त्यांना एक सवय जडलेली – उशाशी रिकाम्या भांड्यांची उतरंड रचायची. जमीन हलली की भांडी खणखणत पडणार आणि माणसं जागी होणार. तिसऱ्या मजल्यावरही त्यांनी ती सोडली नाही. सगळी सोसायटी हसायची.

त्या वर्षी हलकासा धक्का बसला. भरावातले पाइप निखळले, पाण्याच्या उंच टाकीच्या खांबाला चीर गेली. आप्पा म्हणाले, "टाकी रिकामी करा, इंजिनियरला दावा." चेअरमननी चिरेवर प्लास्टर थापलं. "आजोबा, टेन्शन कशाला घेता? लोकांनी प्यायचं काय?"

पाइप बदलेपर्यंत सगळ्यांनी टाकीखालच्याच नळावर पाणी भरायचं ठरलं.

काही आठवड्यांनी, भर दुपारी, उतरंड पडली. मी समोरच जेवत होतो. वाटीतली आमटीसुद्धा हलली नाही – शपथेवर सांगतो! आप्पा मात्र तडक खाली धावले, त्यांच्यामागे मी.

"बायांनो, हटा तितनं! भांडी पडल्यात!"

बायका कुरकुरत बाजूला झाल्या. चेअरमनची बायको तेवढी कळशी घ्यायला परत फिरली. आप्पांनी तिला कळशीसकट बाहेर ढकललं... आणि खांब बसला. टाकी आप्पांवर आली.

चौकशीत कळलं, त्या दिवशी भूकंप झालाच नव्हता. झालं! चेअरमनना तेवढंच हवं होतं. म्हाताऱ्याने नळाशी झटापट केली म्हणून टाकी पडली, असं ठरलं. नळ ओढल्याने काँक्रीटचा खांब पडतो म्हणे! त्यांच्या बायकोला विचारलं, तर खाली बघत म्हणाली, "मला काय आठवत नाय." रांगेतली एकही बाई बोलली नाही. थू त्यांच्या माणुसकीवर.

धक्का नव्हता, वारा नव्हता, घरात मांजरही नव्हतं. मग भांडी का पडली? मला आजही सांगता येत नाही.

नवी टाकी झाली तेव्हा नारळ फुटला, पेढे वाटले. पूजेची पहिली कळशी चेअरमनच्या बायकोनेच भरली. कळशीही तीच होती, पोचा आलेली.