उत्तरेचा बाण

माझ्या वहिनीला मी खिडकीबाई म्हणते. तोंडावर म्हणते, आणि तिला ते चालतं. दादाने तिला पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा आईने दिलेला चहाचा कप हातात धरून ती उभीच राहिली. खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, "तुमच्याकडे दुपारी तीननंतर या भिंतीला कुणी टेकत नसणार." खरंच टेकत नव्हतं. ती भिंत तव्यासारखी तापायची आणि आम्ही सगळे तिच्यापासून हातभर लांब बसायचो. पण का बसतो, याचा विचार तीस वर्षांत एकानेही केला नव्हता. आई नंतर माझ्या कानात म्हणाली, "मुलगी हुशार आहे गं, पण कुठे बसेल की नाही?"

नाही बसली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तिच्या पायाला लागलेली भिंगरी काही सुटली नाही. कुणाकडे जेवायला गेलो तरी ही आधी खिडक्या उघडून बघणार, पडदा सरकवणार, यजमानांच्या खुर्च्या इकडच्या तिकडे करणार. दादा लाजेने अर्धा होतो. मला मात्र गंमत वाटते. मी छापखान्यात प्रुफं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर माझं पोट चालतं, त्यामुळे मला माणसं बेताचीच आवडतात. वहिनी आवडते.

तिचे वडील फरश्या बसवायचे. दिवसभर लोकांच्या घरात गारेगार फरश्या बसवायच्या आणि संध्याकाळी पत्र्याच्या एका खोलीत परतायचं, तिथे पाच माणसं. उन्हाळ्यात त्या खोलीत दुपारी थांबणं शक्यच नसायचं. वहिनी पुस्तक घेऊन बाहेर जिन्यावर बसायची आणि सावली सरकेल तशी एकेक पायरी सरकत अभ्यास करायची. कोणत्या महिन्यात किती वाजता कोणत्या पायरीवर सावली असते, हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. पुढे इंजिनिअर झाली. सुरुवातीची चार वर्षं सांडपाण्याच्या नळांचे उतार काढण्यात गेली. मग एका मोठ्या आर्किटेक्टच्या ऑफिसात लागली. तिथे इमारतींना रूप बाकीचे देतात. त्यातली कोणती खोली किती तापेल, वारा कुठून शिरेल, छज्जा किती पुढे काढायचा, हे वहिनी सांगते. "यंत्र लावून थंड करायला काय, कुणालाही येतं," ती म्हणते, "मुळात तापूच नये, हे माझं काम."

तिचं सगळ्यात नावाजलेलं काम म्हणजे सरकारी दवाखान्याचा नवा वॉर्ड. तीन मजले, साठ खाटा, एसी एकही नाही. ऑपरेशन झालेले पेशंट तिथे आठ-दहा दिवस पडून असतात. या वॉर्डला कसलंसं मोठं प्रमाणपत्र मिळालं, ते साहेबांनी, म्हणजे ऑफिसच्या मालकांनी, स्वतःच्या खुर्चीमागे टांगलं. तसेच आणखी पाच वॉर्ड पाच गावांत बांधायचं ठरलं. आणि साहेबांनी वहिनीला सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून तुम्ही भागीदार. दारावरच्या पाटीवर तुमचं नाव. फरशीवाल्याच्या मुलीचं नाव पाटीवर लागणार म्हणून तिच्यापेक्षा मीच जास्त फुशारले होते.

वॉर्ड उघडून आठ महिने झाले होते, हा त्याचा पहिला उन्हाळा. बांधून झालेल्या इमारतीला उन्हाळ्यात एकदा जाऊन भेटायची वहिनीची खोड आहे. इतर इंजिनिअर हे करत नाहीत, उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. शनिवारी मला सुट्टी होती, मीही गेले.

दुपारचे सव्वाचार झाले होते. दुसऱ्या मजल्यावर गेलो आणि वहिनी दारातच थबकली. खिडक्यांकडचा अर्धा वॉर्ड रिकामा होता. सगळ्या खाटा ओढून आतल्या भिंतीला लावलेल्या, इतक्या जवळ की मधून सिस्टरला अंग चोरून जावं लागत होतं. खिडक्यांच्या काचांवर जुने एक्स-रे चिकटवले होते. कुणाच्या बरगड्या, कुणाचा गुडघा, आणि त्यांच्या फटींतून ऊन थेट वॉर्डच्या मध्यापर्यंत आलं होतं.

"खाटा अशा का लावल्यात?" वहिनीने विचारलं.

सिस्टरला ही कोण हे माहीत नव्हतं. ती म्हणाली, "चारनंतर तिथे उभं राहून दाखवा ताई, मग विचारा. कुणीतरी शहाण्याने गार कचेरीत बसून खिडक्या काढल्या. घाम आम्ही पुसतोय."

मी वहिनीकडे बघितलं नाही. बघवलंच नाही. तेवढ्यात भिंतीशी न मावलेल्या टोकाच्या खाटेवरची एक म्हातारी, पोटाला टाके घातलेली, कूस बदलता येत नव्हती तिला, हळूच म्हणाली, "बाई, जरा इकडे सरून उभी राहतेस का? तोंडावर ऊन येतंय." वहिनी सरली. म्हातारीच्या तोंडावर सावली पडेल अशी उभी राहिली आणि ऊन तिच्यावरून सरकेपर्यंत, चांगला पाऊण तास, तिथून हलली नाही. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता. एकोणीस वर्षांत तिला एवढा वेळ एका जागी मी पाहिलं नव्हतं आणि मला भीती वाटली.

सोमवारी तिने जुनी फाइल काढली. चूक सापडायला दहा मिनिटं लागली. संध्याकाळी घरी तिने मला वर्तमानपत्राच्या कागदावर काढून दाखवली. जागा तिरकी असली की इमारत नकाशाच्या कागदावर तिरकी दिसते, कागदात नीट बसत नाही. म्हणून ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे काढणारा माणूस, इमारत कागदावर सरळ करून घेतो आणि खरी उत्तर कुठे आहे ते कोपऱ्यात एका छोट्या बाणाने दाखवतो. बांधणारे जागेवरच्या खुणांवरून बांधतात, त्यामुळे इमारत बरोबर तिच्या जागी उभी राहते. पण वहिनीने उन्हाचा हिशेब करताना कागदाची वरची बाजू हीच उत्तर धरली होती. बाण बघितलाच नाही. चाळीस अंशांचा फरक. जी भिंत दक्षिणेची समजून तिने वर आडवे छज्जे दिले, ती खरी निम्मी पश्चिमेकडे वळलेली. आणि उतरतं ऊन छज्ज्याला जुमानत नाही, खालून वाकून आत येतं.

"म्हणजे चूक बारीकच की," मी म्हटलं. प्रुफवाल्यांची सवय.

"साठ खाटांची आहे," ती म्हणाली.

तिला दुसऱ्याच दिवशी साहेबांना सगळं सांगून टाकायचं होतं. दादा मऊ माणूस, पण तो सुद्धा म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण कशाला? महिनाभर थांब. पाटी लागू दे. मग सांग." वहिनीने हातात फडकं घेतलं. पुसलेला ओटा परत पुसला, कपाटातले कपडे काढून परत लावले. जेवताना दोनदा उठली, कशाला उठलो ते विसरून परत आली.

मंगळवारी सांगितलंच. साहेब ओरडले वगैरे नाहीत. हुशार माणसं ओरडत नाहीत. त्यांनी फाइल चाळली आणि म्हणाले, "कागद फिरवला कुणी? ड्राफ्ट्समनने. ते आता निवृत्त आहेत. तुम्ही दवाखान्याला पत्र लिहा, की नकाशा काढताना दिशेची गफलत झाली. त्या भिंतीला आपण उभ्या पट्ट्या लावून देऊ, ऊन थांबेल. तुमचं नाव स्वच्छ, पेशंटची सोय झाली, पाच वॉर्डांचं कामही राहिलं. म्हाताऱ्याचं काय जाणार आहे? शुक्रवारी सही करून द्या."

ऐकायला किती सरळ. मी म्हटलं, लिही. खोटं कशाला सांगू, मी खरंच तसं म्हटलं. माझ्या वहिनीचं नाव मला त्या पाटीवर हवं होतं, आणि कोण कुठला ड्राफ्ट्समन, मी त्याला ओळखतही नव्हते.

"त्यांना विचारल्याशिवाय नाही लिहिणार," वहिनी म्हणाली.

गुरुवारी आम्ही गेलो. ऑफिसात सगळे त्यांना नकाशेकाका म्हणायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, मुलगी आणि जावई कामाला गेलेले. काका दार उघडायला आले ते टोपण लावलेलं पेन खिशाला अडकवूनच. टेबलावर नातीच्या शाळेचा कसला तरी तक्ता होता, त्याच्या रेघा इतक्या सरळ की मी बघतच राहिले. वहिनी खुर्चीच्या कडेवर टेकली, उठली, पुन्हा टेकली. मग तिने सगळं सांगितलं. वॉर्ड, ऊन, एक्स-रे, आणि साहेब काय म्हणाले तेही. काही लपवलं नाही.

काकांनी चष्मा काढून पुसला.

"बाण काढला होता मी," ते म्हणाले. "उजव्या कोपऱ्यात."

"हो काका. आहे तो."

"लहान काढला असेल." ते वहिनीकडे बघून जरा हसले. "घाला माझ्यावर, मॅडम. तुमचं पुढे आयुष्य पडलंय. मला आता कोण विचारायला येतंय?"

त्यांना खरंच वाईट वाटत नसावं असं मला वाटलं आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. पण वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला होता. पाणीसुद्धा न पिता ती उठली. परत येताना मी म्हटलं, "झालं ना? ते स्वतःच म्हणाले." ती माझ्या चार पावलं पुढे चालत होती. वळली नाही.

शुक्रवारी सकाळी तिने पत्र माझ्यापुढे टाकलं. "चुका बघ," म्हणाली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. पत्र पानभर होतं. चूक माझी, असं पहिल्याच वाक्यात होतं. ते मला अपेक्षित होतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पण शेवटच्या परिच्छेदापाशी मी अडखळले. तिथे लिहिलं होतं, की नकाशा देताना आमच्या ड्राफ्ट्समननी मला उत्तर फिरवलेली असल्याचं दोनदा सांगितलं होतं. एकदा तोंडी, एकदा माझ्या टेबलाशी येऊन बाणावर बोट ठेवून. मी घाईत होते. 'काका, मला उत्तर शिकवू नका' असं मी त्यांना चार लोकांत म्हणाले होते.

माझा विश्वासच बसेना. "हे खरं आहे?"

"हो."

"काल ते बोलले नाहीत काही."

"तुझ्यासमोर कसे बोलतील?" ती खिडकीपासून वळली. "मला आठवत होतं गं. वॉर्डमध्ये उभी होते ना, तेव्हापासून आठवत होतं. वाटलं, ते विसरले असतील. काल त्यांनी माझ्याकडे बघितलं, तेव्हा कळलं की नाही विसरलेले."

मला राग आला. तिचा आला, काकांच्या त्या हसण्याचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. पण जीभ माझी ती माझीच. मी पेन उचललं. "वहिनी, चूक कबूल केलीस ना? तेवढं पुरे. एवढा परिच्छेद काढ. ऑफिसात हे आता कुणाला आठवतही नसेल. नुसती चूक माफ होईल, पण सांगूनही ऐकलं नाही म्हटल्यावर तुला कोण ठेवेल?"

"तेवढंच तर लिहायचं होतं," ती म्हणाली आणि माझ्या हातातून कागद घेतला.

मी म्हटलं तसंच झालं. साहेबांनी दवाखान्याला उभ्या पट्ट्या लावून दिल्या, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण पाचही वॉर्ड दुसऱ्या इंजिनिअरकडे गेले. पाटी लागली, त्यावर त्याचं नाव. वहिनीला वर्षभर कुठल्याही नकाशावर सही करायची नाही, असं ठरलं. ज्यांना तिने शिकवलं, त्या पोरापोरींच्या सह्यांखाली ती काम करते. दादाने एका शब्दाने टोचलं नाही. मी मात्र पत्र दिल्यापासून आठवडाभर तिच्याशी फटकूनच वागले.

त्या आठवड्याच्या शेवटी नकाशेकाकांचा फोन आला. ऑफिसने पत्रातलं खरं आहे का हे विचारायला त्यांना बोलावून घेतलं होतं. वहिनीचे हात पिठात होते, म्हणून तिने फोन ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला. मला वाटलं, आता म्हातारा चार शब्द सुनावणार, आणि सुनावावेतच त्याने.

"मॅडम, तुमचं पत्र त्यांनी मला वाचायला दिलं," काका म्हणाले. "एकेचाळीस वर्षं मी नकाशे काढले. खाली नाव नेहमी दुसऱ्याचं. मी काय म्हणालो, हे आजवर कुणी कागदावर लिहिलं नव्हतं."

वहिनीचे पिठातले हात थांबले.

"माझी एक विनंती होती," ते म्हणाले. "त्या पत्राची प्रत मिळेल का? नातीला दाखवायची आहे."

वहिनीने पिठाच्या हातांनीच तोंड झाकलं. "मी आणून देते काका," मी म्हटलं. "मीच घेऊन येते."