डावखुरीचा गुडघा

मी राज्याच्या संघातून हँडबॉल खेळले होते. लग्नानंतर खेळ सुटला आणि राजापूर तालुक्यात, किनाऱ्यालगतच्या एका शाळेत मी क्रीडाशिक्षिका झाले. कातळावर माती पसरून मैदान केलं. पडलं की मुलींची कोपरं सोलून निघायची, तरी त्या यायच्या.

त्यांत नाटे गावची एक होती. वडील होडीवर, आई मासे विकायची. पोरगी डावखुरी. उजव्या कोपऱ्यातून उडी घेऊन बॉल असा मारायची की गोलकीपरचा हातही उठायचा नाही. तशी मुलगी मला पुन्हा मिळाली नाही.

विभागीय स्पर्धेचा उपांत्य सामना होता. मध्यंतराला ती लंगडत आली.

"बाई, उतरताना गुडघ्यात कट्ट झालं."

"चालता येतंय ना?"

"येतंय."

"मग पट्टी बांध. अर्धाच सामना उरलाय."

आमची शाळा तिथवर कधी पोचली नव्हती. अंतिम सामना मला हवा होता. पट्टी मीच बांधली. थोड्या वेळानं तिनं उडी घेतली, गोल झाला, आणि खाली आली ती उठलीच नाही. सामना आम्ही एका गोलनं जिंकलो.

ऑपरेशन झालं, तरी पाय पुरता वाकेना. बऱ्याच महिन्यांनी धीर करून मी तिच्या घरी गेले. आईनं चहा ठेवला. "नशीब तिचं. तुमी तरी काय करणार, बाई?" म्हणाली. मुलगी पाय लांब करून पडवीत कोळंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मी सांगितलं होतं ना तुमाला."

मी चहा तसाच ठेवून उठले.

पुढच्या वर्षी तालुक्याच्या सामन्यात एकीनं घोटा चोळला. मी तिला बाहेर बसवलं. दुसरीला नुसती धाप लागली होती, तिलाही काढलं. तिसरी रडायला लागली, "बाई, मला काय झालेलं नाय हो!" मी ऐकलं नाही. असं करता करता बदली मुली संपल्या, मैदानात सातांपैकी चौघीच उरल्या. आम्ही फार वाईट हरलो.  परतताना एसटीत एकीनं विचारलं, "आमचं काय चुकलं, बाई?" मी तिकिटं मोजत राहिले.

त्या महिन्यात मुख्याध्यापकांनी संघ बंद केला. मुली माझ्याकडे आल्या, मी त्यांच्या बाजूनं एक शब्द बोलले नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच आता सगळ्यात जास्त लाज वाटते.