पंख्याची सम

पोरीला पाहायला पाहुणे येणार म्हणून बोनकोड्याच्या पंढरीने सदुसष्ट साली टेबलावरचा पंखा आणला. गावच्या नाटकांत त्याने वीस वर्षं ढोलकी गाजवलेली. त्यामुळे पाहुण्यांच्या दिवशी सकाळीच पंखा खटखटू लागला, तेव्हा त्याला त्याचं कौतुकच वाटलं.

"आवो, बंद करा, तुटंल तो!" बायको शेवंताबाई ओरडली.

"आगो, तुटतो कसला? केरव्याचा ताल धरलाय त्यानं!"

पाहुणे आले. मुलाचे वडील गोटीराम भजनात पखवाज वाजवायचे. चहाचा कप खाली ठेवून त्यांनी कान दिला.

"पंढरीशेट, पातं सैल हाय. दर आवर्तनाला सम चुकतेय."

ताल चुकला असं पंढरीला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. पण पोरीच्या होणाऱ्या सासऱ्याशी वाद कसा घालायचा? तोंड पाडून त्याने बटण दाबलं. पंखा थांबता थांबता पातं निखळलं, जाळी उडाली आणि थेट पोह्यांच्या ताटात येऊन बसली.

आता कसली सोयरीक, म्हणून शेवंताबाईने कपाळाला हात लावला. गोटीराम मात्र मिशीवरचे पोहे झटकत म्हणाले, "पोरगी आमाला पसंत हाय. फक्त वरातीचा ताल आमी धरू."